गव्हाणच्या ताटाला कोण विचारतं?

रविवारी दुपारी उलवे, गव्हाण, जासई या पट्ट्यातल्या कुठल्याही आगरी खाणावळीत बसा. पाण्याचा तांब्या टेबलावर यायच्या आत आजूबाजूच्या दोन-तीन टेबलांवरून एकच प्रश्न कानावर येतो, 'सुरमई आहे ना?' त्याच्या मागोमाग दुसरा, 'ताजी आहे ना?' सुरमई असते. पापलेट असतं, बोंबील असतात. काऊंटरमागच्या बाई मान डोलावतात, आत तव्यावर रव्याचा आवाज सुरू होतो आणि जेवणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

हे मासे गव्हाणच्या खाडीतले नसतात. सुरमई खोल दर्यातली. ती करंजाच्या नाहीतर मुंबईच्या ससून डॉकच्या बाजारातून बर्फात बसून इथवर आलेली असते. गव्हाणला पनवेलची खाडी आहे, तिच्या काठचा चिखल आहे, तिवरांचं रान आहे. त्या पाण्याचं आणि चिखलाचं अन्न वेगळं आहे: निवट्या, चिंबोऱ्या, खुबे, कालवं, बोय, खाडीची कोळंबी आणि नशीब जोरावर असेल तर जिताडा. खाडीकाठच्या घरांतून हे आजही शिजतं. खाणावळीच्या फळ्यावर मात्र ते क्वचित दिसतं, कारण टेबलावर बसलेल्यांपैकी ते मागणारे फार थोडे.

खाणावळ कशी चालते, तिथं काय शिजतं, हे मालकापेक्षा जेवणारा ठरवतो. गव्हाणमध्ये जेवणारा कोण आहे आणि तो काय बोलतो, हे नीट ऐकलं तर या गावाचं गेल्या पन्नास वर्षांत काय झालं तेही ऐकू येतं.

आधी गाव कुठं आहे ते सांगतो. मुंबईहून अटल सेतूनं आलात आणि शिवाजीनगरपाशी खाली उतरलात की गव्हाण हाकेच्या अंतरावर. हा पूल १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. लांबी २१.८ किलोमीटर, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून. त्याच दिवशी खारकोपरहून उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. पलीकडं न्हाव्याला ओएनजीसीचा तळ, त्याच्या पुढं १९८९ साली सुरू झालेलं जेएनपीटी बंदर. मागं उलव्याचा डोंगर कापून, उलवे नदीचा प्रवाह वळवून बांधलेला विमानतळ. त्यासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली अशी दहा गावं उठली. सिडको १९७० साली स्थापन झाली, तेव्हा ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचं ठरलं होतं. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन उभं राहिलं, त्यात जानेवारी १९८४ मध्ये दास्तान फाटा आणि नवघर फाट्याजवळ गोळीबार झाला, पाच जण गेले. पुढं साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली ती या रक्तातून.

खाणावळीच्या लेखात हे कशाला, असं कुणी विचारेल. पण खाणावळीत बसलेलं गिऱ्हाईक या सगळ्यातूनच आलं आहे. आधी बंदर बांधणारे मजूर आले. मग कंटेनर ओढणारे ट्रकवाले आले आणि त्यांच्यासाठी उरण रस्त्याला तंदुरी रोटी, दाल फ्राय आणि खाट देणारे ढाबे उभे राहिले. मग सिडकोचे नकाशेवाले, पुलाचे इंजिनिअर, विमानतळाचे कंत्राटदार. मग उलव्याच्या टॉवरमध्ये घर घेतलेली कुटुंबं, त्यांत नागपूरचे, सातारचे, बिहारचे, केरळचे. आणि आता पुलामुळं दादर-परळहून फक्त जेवायला म्हणून येणारी मंडळी. प्रत्येक लाटेबरोबर ताटातला एखादा पदार्थ वाढला आणि एखादा गेला.

गव्हाणचा माणूस स्वतः गव्हाणच्या खाणावळीत सहसा जेवत नाही. गावात राहून पैसे देऊन जेवायचं, हे आपल्याकडं कुणाला पटत नाही. घरी चूल आहे, आई आहे, काकी आहे. कुणी दारावरून गेला तरी 'जेवलास का रं?' ही हाक पडते. म्हणून आपली खाणावळ जन्मापासून परक्याची सोय आहे. तिच्याविषयीचं मतही परक्याचंच असतं. ज्याला इथलं जेवण कसं असायला हवं हे खरं माहीत आहे, तो टेबलावर नसतो. तो स्वयंपाकघरात असतो, नाहीतर आपल्या घरी.

इंग्लंडच्या खेड्यातल्या पबचं नेमकं उलटं आहे, आणि म्हणून त्याच्याकडं पाहण्यासारखं आहे. तिथला पब आधी गावाचा, मग वाटसरूचा. संध्याकाळी शेतावरून परतलेला माणूस, पोस्टमन, चर्चची घंटा वाजवणारा, सगळे एका छपराखाली. तिथंच पिणं, तिथंच गप्पा, रविवारी दुपारी तिथंच भाजलेलं मांस, बटाटे आणि यॉर्कशायर पुडिंगचं जेवण. आपल्याकडं या तीन गोष्टी तीन ठिकाणी विभागल्या गेल्या. गप्पा देवळाच्या पारावर, पिणं माडीच्या केंद्रात किंवा परमिट रूममध्ये, जेवण घरी. जातीपातीनं कोण कुणाच्या हातचं खाईल हे शतकानुशतकं बांधून ठेवलं, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं पिणं परवान्याच्या भिंतीआड नेलं. गावानं एकत्र बसून, पैसे मोजून जेवावं अशी जागा आपल्या खेड्यात तयारच झाली नाही.

इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकाला आपल्या मताची किंमत माहीत आहे. जॉर्ज ऑर्वेलनं ९ फेब्रुवारी १९४६ च्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये आपल्या मनातल्या आदर्श पबवर लेख लिहिला. युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं, रेशनिंग चालू होतं, आणि हा लेखक बारीकसारीक तपशील मांडत होता: बोलता येईल इतकी शांतता हवी, रेडिओ नको, वाढणाऱ्या बायकांना गिऱ्हाइकांची नावं ठाऊक हवीत, मागं मुलांना खेळता येईल अशी बाग हवी, काऊंटरवर चीज, लोणचं, शिंपले मिळायला हवेत. शेवटी त्यानं सांगून टाकलं की असा पब प्रत्यक्षात नाही. पण वाचणाऱ्याला आपण काय मागायचं ते त्यातून कळलं. जेवणाऱ्याचं मत म्हणजे 'छान होतं', 'बरं होतं' एवढंच नव्हे, हे त्या लेखानं मला शिकवलं. आपल्याला काय हवं आहे याचं पूर्ण चित्र डोळ्यांसमोर असल्याशिवाय मत तयार होत नाही.

आता गव्हाणच्या बाजूला जेवून उठलेला माणूस काय म्हणतो ते पाहू.

सगळ्यांत जास्त ऐकू येतं ते 'अगदी घरच्यासारखं'. ही सगळ्यांत मोठी शाबासकी समजली जाते, आणि खाणावळवाल्या बाईंनाही ती आवडते. पण कुणाच्या घरच्यासारखं? बोलणारा साताऱ्याचा असतो, त्याचं घर बाजरीच्या भाकरीचं. इथं तांदळाची उकडीची भाकरी, हातावर थापलेली, पापुद्रा सुटलेली. त्याच्या घरी ती कधी झालेली नसते. त्याला म्हणायचं असतं की कुणी माया केली, गरम वाढलं, आणखी एक भाकरी घ्या म्हटलं. ते खरंच आहे. तेवढ्यासाठी लोक पुन्हा येतात, आणि यायलाच हवं.

मग तिखट. आगरी मसाला एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचा करून ठेवतात. मिरच्या उन्हात वाळवून, खडे मसाले भाजून, डंकावर कुटून आणतात. घराघरात प्रमाण वेगळं, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. या मसाल्याविषयी दोन तट पडतात. एका टेबलावर 'झणझणीत, मजा आली', दुसऱ्यावर 'जरा कमी तिखट करा ना'. दुसरं मत जिंकत चाललं आहे. मसाला कमी होतो, त्याच्या जागी नारळ आणि टोमॅटो वाढतो, कालवणाचा आंबटपणा मऊ होतो. कैरी, चिंच, कोकमाच्या आंबटाची ती धारदार चव, जिच्यामुळं दुसऱ्या दिवशीचं शिळं कालवण ताज्यापेक्षा चांगलं लागतं, ती आता घरीच.

तिसरं मत मला सगळ्यांत जास्त खुपतं. 'काटे फार आहेत', आणि 'चिखलाचा वास येतो'. खाडीच्या बहुतेक माशांना ही दोन वाक्यं पुरून उरतात. बोय काट्याची, त्यामुळं मुलांना घेऊन आलेली कुटुंबं ती परत पाठवतात. निवटी चिखलात राहणारी, बोटाएवढी, डोळे वर आलेले, ओहोटीला चिखलावर उड्या मारत फिरणारी. ती जिवंत आणावी लागते. राख नाहीतर मीठ लावून तिचा बुळबुळीतपणा काढावा लागतो, मग कैरी घालून सुकं करतात किंवा तिखटात परततात. तिची चव गोडसर आणि खारट एकदम, मांस रेशमासारखं. ज्यानं लहानपणी खाल्ली आहे त्याला सुरमई फिकी वाटते. पण ज्यानं ती कधी पाहिलेली नाही, त्याच्यासमोर ताटात ते उघडे डोळे आले की तो दचकतो. खाणावळवाली दोनदा करून पाहते, तिसऱ्यांदा आणत नाही. तिला दोष कसा द्यायचा? उरलेली निवटी उद्या विकता येत नाही.

इथं इंग्लंडच्या पबचा दुसरा इतिहास आठवतो. तो गव्हाणसाठी पुन्हा पुन्हा सांगावा असं मला वाटतं.

तिथल्या पबची पारंपरिक बीअर पिंपात जिवंत असते. तळघरातल्या पिंपात ती आंबत राहते, पिकते, आणि पिंप उघडलं की थोड्याच दिवसांत संपवावी लागते. तिला सांभाळायला तळघरात हात जाणता लागतो. साठच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी दुसरी बीअर आणली: गाळलेली, तापवून निर्जंतुक केलेली, वायूच्या दाबाखाली भरलेली. टिकते, सगळीकडं एकच लागते, कुणीही ओतू शकतो. मालकांना सोय झाली, गिऱ्हाइकांनी तक्रार केली नाही, आणि दहा वर्षांत जिवंत बीअर दिसेनाशी व्हायला लागली. १९७१ साली मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीस, जिम मेकिन आणि बिल मेलर हे चार तरुण आयर्लंडच्या पश्चिम टोकाला सुट्टीवर गेले होते. तिथल्या एका बारमध्ये बसून त्यांनी ठरवलं की हे थांबवायचं. त्यांनी संघटना काढली, ती पुढं 'कॅम्रा' या नावानं ओळखली गेली. त्यांच्याकडं कारखाना नव्हता, पैसा नव्हता. ते फक्त गिऱ्हाईक होते, पण जाणतं गिऱ्हाईक. कुठल्या गावातल्या कुठल्या पबमध्ये खरी बीअर मिळते याच्या याद्या त्यांनी केल्या, १९७४ पासून त्यांचं मार्गदर्शक पुस्तक दुकानांतून मिळू लागलं. लोक याद्या घेऊन फिरू लागले, पबमध्ये जाऊन मागू लागले. जे मागितलं जातं ते मालक ठेवतो. जिवंत बीअर वाचली.

बर्फातली सुरमई आणि जिवंत निवटी यांचं नातं मला तंतोतंत तसंच दिसतं. एक टिकते, बारा महिने मिळते, सगळ्यांना ओळखीची. दुसरीसाठी वेळ कळावी लागते, हात लागतो, आणि ती मागणारं माणूस लागतं.

पबच्या बाजूनंही सगळं गोड नाही. २००० साली ब्रिटनमध्ये ६० हजारांच्या वर पब होते, आज ते ४५ हजारांच्या आसपास आहेत. १९९१ मध्ये लंडनच्या फॅरिंग्डन भागात 'द ईगल' सुरू झाला आणि पबमध्ये उत्तम जेवण देण्याची लाट आली. बरेच पब त्यामुळं तगले, पण रोजचा म्हातारा गिऱ्हाईक तक्रार करू लागला की आता नुसतं बसायला जागा उरली नाही, प्रत्येक टेबलावर जेवणाचं आरक्षण. तो बरोबरच बोलत होता. आणि जिथं पब बंद होण्याची वेळ आली, तिथं काही गावांनी तो विकत घेतला. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या खेड्यातला 'द ओल्ड क्राऊन' २००३ मध्ये गावकऱ्यांनी सहकारी संस्था करून घेतला. पुढं अनेक गावांनी तोच मार्ग धरला. २०११ च्या कायद्यानं इंग्लंडमधल्या गावांना अशी जागा 'गावाच्या उपयोगाची' म्हणून नोंदवायची सोय दिली. ती विकायला निघाली तर गावाला पैसे उभे करायला मुदत मिळते.

सहकार आपल्याला कुणी शिकवायला नको. साखर, दूध, मासेमारी, सगळ्यांत आपण तो केला. गव्हाणला कमी पडतं ते दुसरंच. इथं खाडीच सुटत चालली आहे.

२७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठानं एक निकाल दिला. उरण कोळीवाडा, हनुमान कोळीवाडा, बेलपाडा कोळीवाडा आणि गव्हाण कोळीवाडा इथल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी, असं त्यात म्हटलं. बंदराच्या कामासाठी झालेल्या भरावानं, तिवरं तोडल्यानं आणि पाण्याच्या वाटा अडल्यानं त्यांची मासेमारी गेली, हे लवादानं मान्य केलं. अर्ज पारंपरिक मच्छीमारांच्या कृती समितीनं केला होता. निकालाविरुद्ध अपिलं झाली. कागदावर त्या खाडीची, त्या जाळ्यांची किंमत रुपयांत मांडली गेली ती बहुधा पहिल्यांदाच. त्या किमतीत अन्न धरलं जातं, अन्नाची आठवण धरली जात नाही. निवटी कुठल्या भरतीनंतर कुठल्या चिखलात सापडते, उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी कोळंबी कधी येते, वलगणीचे मासे पहिल्या पावसात शेतात कसे चढतात, हे माहीत असलेला माणूस आता कुठंतरी कंत्राटी सुरक्षारक्षक म्हणून उभा असतो.

जिताड्याचं उदाहरण घ्या. हा मासा वाढतो गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यात, अंडी घालायला उतरतो समुद्राकडं. त्याला खाडी, शेताचा बांध, उघाडी आणि तळं हे सगळं जोडलेलं लागतं. रायगडात पेण-अलिबागच्या बाजूला लोक तळ्यात जिताडा वाढवतात, आणि साहेबाला जिताडा पोचवला की काम होतं, असं तिकडं गमतीनं म्हटलं जायचं. गोव्यात तोच चणक, बंगालमध्ये भेटकी. आज उलव्याच्या हॉटेलात कुणी जिताडा मागितला तर तो येतो, महाग येतो आणि बहुतेक वेळा शेततळ्यातला येतो. तोही चांगलाच लागतो. मी त्याच्या विरुद्ध नाही. पण खाडीकाठच्या खांजणातला जिताडा ज्या वाटेनं यायचा, ती वाट जागोजाग भरावाखाली गेली.

म्हणून जेवणाऱ्याच्या मताचा मला एवढा आग्रह. पुलावरून टोल भरून, पेट्रोल जाळून जो माणूस इथवर जेवायला येतो, त्याच्यात हौस आहे आणि ऐपत आहे. त्यानं सुरमई मागितली तर त्याला ससून डॉकची सुरमई मिळणार, जी त्याला मुंबईतही मिळाली असती. त्यानं विचारलं की 'आज खाडीचं काय आलंय?', तर स्वयंपाकघरातल्या बाईंचा चेहरा बदलतो. हे मी पाहिलं आहे. त्या बाहेर येतात. घरी आणलेल्या खुब्यांचं थोडं सुकं आहे, देऊ का, म्हणतात. गावातली अमुक वहिनी सकाळी चिंबोऱ्या घेऊन आली होती, पुढच्या रविवारी येणार असाल तर ठेवते, म्हणतात. एका प्रश्नानं जेवणाची दिशा फिरते. पाग टाकणाऱ्या एका माणसाची, चिखलात उतरणाऱ्या एका बाईची त्या दिवशीची मजुरी निघते. हे प्रश्न दहा टेबलांवर पडले तर फळ्यावर निवटी पुन्हा लिहिली जाईल. शंभर टेबलांवर पडले तर खाडी बुजवताना विचारावं लागेल की हिच्यावर कुणाचा धंदा चालतो. आज ते विचारताना फक्त मच्छीमार बोलतो. त्याच्या शेजारी जेवणारा उभा राहिला तर फरक पडेल, असं मला मनापासून वाटतं.

मागायचं कसं, तेही शिकायला हवं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत 'ताजी सुरमई' मागणं म्हणजे बर्फात साठवलेली मागणं. तेव्हा मागावं ते सुकट, जवळा, सुके बोंबील घातलेलं वांग्या-बटाट्याचं कालवण, आणि पाऊस लागला की शेतातले मुठे, म्हणजे छोटे खेकडे. चिंबोरीसाठी कॅलेंडर बघा. अमावास्येच्या आसपासची चिंबोरी भरलेली असते, असं खाडीकाठची माणसं सांगतात आणि त्याप्रमाणंच घेतात. उधाणाच्या दिवसांत खाडीत पाणी चढतं-उतरतं जोरात, मासळीची आवक वेगळी. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं, म्हणजे मंद भरती-ओहोटीचं, पाणी असतं, तेव्हा आवक कमी, त्यामुळं त्या आठवड्यात फार हट्ट धरू नये. काट्याचा मासा मुलांना भरवायचा असेल तर वाढणाऱ्या बाईंनाच विचारा, त्या काटा कुठून सोडवायचा ते दाखवतात.

आणि घाई करू नका. निवट्या साफ करायला वेळ लागतो, भाकरी थापायलाही. जेवायला येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून सांगा, किती माणसं आणि काय हवं ते. दिवाळीनंतर नवा तांदूळ येतो, त्याच्या भाकरीला वेगळा वास असतो. डिसेंबर उजाडला की वालाच्या शेंगा येतात, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लागते. ती शेतावर, रात्री, ओळखीच्यांबरोबर खायची गोष्ट आहे, पण काही खाणावळी आता ऑर्डर घेतात. तेव्हा तरी सुरमई विचारू नका.